कर्व्ह स्टेकआउट: एकाच वळणावर दोन टीमच्या खुंट्यांत ५ सेंटीमीटरचा फरक का येतोय?

सुतळी_खुंटी

नमस्कार मंडळी, रस्त्याच्या एका वळणाची आखणी चालू आहे आणि तीन गोष्टींवरून साइटवर रोज वाद होतोय, जरा बघा.

वळण साधं आहे. डावीकडे जाणारा सर्क्युलर कर्व्ह, रेडियस २०० मीटर, डिफ्लेक्शन (रस्त्याची दिशा एकूण किती वळते ते) बरोबर ४० अंश, आयपीचं (दोन्ही सरळ लाईनी पुढे वाढवल्या की छेदतात तो बिंदू) चेनेज (लाईनवरून मोजत आलेलं अंतर) १२५०.०००. ट्रान्झिशन (सरळ लाईन आणि कर्व्हमधला हळूहळू वळणारा तुकडा) नाहीये. मी कंट्रोलरमध्ये (सर्व्हे इन्स्ट्रुमेंटच्या हातातल्या कॉम्प्युटरमध्ये) अलाइनमेंट हाताने भरली, पीसी (कर्व्हची सुरुवात) ११७७.२०६ आणि पीटी (कर्व्हचा शेवट) १३१६.८३२ आलं, ड्रॉईंगच्या टेबलमध्येही तेच आकडे आहेत. मग दर २० मीटरला सेंटरची खुंटी आणि दोन्ही बाजूंना ३.५ मीटर ऑफसेटच्या खुंट्या ठोकल्या.

आता पहिलं म्हणजे, खुंटी ते खुंटी टेप लावला की सेंटरला १९.९९ येतं, आतल्या बाजूला १९.६४ आणि बाहेरच्या बाजूला २०.३४. साइटवरचे म्हणतात की २० ची खुंटी २० वर नाही म्हणजे सॉफ्टवेअर गंडलंय.

दुसरं, इथले इंजिनियर म्हणतात पीटीचं चेनेज १३२२.७९४ यायला पाहिजे, कारण टॅन्जंट लेंथ (आयपीपासून पीसी किंवा पीटीपर्यंतचं सरळ अंतर) ७२.७९४ आहे आणि १२५० मध्ये ती मिळवली की तेवढंच होतं. टेबल चुकीचं छापलंय असं त्यांचं म्हणणं.

आणि तिसरं, जे मला खरंच कळत नाहीये. दुसऱ्या टीमने तोच कर्व्ह डीएक्सएफ फाईलमधून (कॅड ड्रॉईंगच्या फाईलमधून) घेऊन चेक केला. पीसी आणि पीटी दोन्हीकडे तंतोतंत जुळतात, पण मधल्या माझ्या सगळ्या सेंटरच्या खुंट्या त्यांच्या लाईनपेक्षा साधारण ५ सेंटीमीटर उजवीकडे दाखवतायत. एखाददुसरी असती तर खुंटी हलली म्हटलं असतं, पण सगळ्याच एका बाजूला? शिवाय त्यांचा कंट्रोलर घेऊन बाहेरच्या कडेने चाललं की मधेच वीतभर अंतर चेनेज हलतच नाही, मग परत व्यवस्थित पळायला लागतं. माझ्या कंट्रोलरवर असं काही होत नाही. कुणाचं बरोबर?

बॅकसाईट_झिरो

पहिल्या दोन गोष्टी सोप्या आहेत त्या आधी उरकून टाकू.

चेनेज फक्त सेंटरलाईनवर मोजतात. ऑफसेटची खुंटी म्हणजे त्याच चेनेजला काटकोनात, कर्व्हवर असाल तर रेडियल दिशेने, बाजूला सरकून मारलेली खुंटी. आतल्या बाजूला रेडियस १९६.५ होतो आणि बाहेर २०३.५, त्यामुळे सेंटरला २० मीटर पुढे गेलं की आत १९.६५ चा आर्क पडतो आणि बाहेर २०.३५ चा. त्यात टेप आर्कवरून जात नाही, सरळ जातो, म्हणजे तुम्ही कॉर्ड मोजताय. म्हणून आत १९.६४, बाहेर २०.३४ आणि सेंटरला १९.९९. तुमचे तिन्ही आकडे अगदी जसे यायला हवेत तसेच आलेत. उलट आतल्या बाजूला बरोबर २०.०० आले असते तर मी ती आखणी उपटून परत करायला सांगितली असती.

आर्क आणि कॉर्डमधला फरक काढायला आर्कच्या लांबीचा घन भागिले २४ आर स्क्वेअर. २० मीटरला २०० च्या रेडियसवर ८ मिलिमीटर. पण हाच २० मीटरचा टप्पा ३० मीटर रेडियसच्या चौकातल्या वळणावर घेतलात तर फरक ३७ सेंटीमीटर होतो, तेव्हा तिथे टेपने चेनेज पुढे ढकलत नेण्याचा विचारही करू नका.

दुसरा मुद्दा. आयपी रस्त्यावर नसतोच हो, रस्ता त्याच्या आतून वळून जातो. पीसीचं चेनेज आयपीतून टॅन्जंट वजा करून मिळतं, पण पीटीचं चेनेज पीसीमध्ये कर्व्हची लांबी मिळवूनच काढायचं. ११७७.२०६ अधिक १३९.६२६ म्हणजे १३१६.८३२. दोन टॅन्जंट मिळून १४५.५८८ होतात आणि कर्व्ह १३९.६२६ चा, मधले ५.९६२ मीटर चालायला जागाच नाही. टेबल बरोबर आहे. इंजिनियर साहेबांना कागदावर ही एवढी बेरीज दाखवा, वाद मिटेल. आणि हे आत्ताच मिटवा, कारण १३२२.७९४ धरून कुणी पुढची लाईन आखली तर पुढचं प्रत्येक स्ट्रक्चर सहा मीटर सरकतं.

उत्तर_दिशा

तिसऱ्याबद्दल मला स्केल फॅक्टरची (ग्रिडवरचं अंतर आणि जमिनीवरचं अंतर यांच्या गुणोत्तराची) शंका येते. दुसरी टीम जीएनएसएसवर (सॅटेलाईटवर) आहे का? यूटीएम ग्रिडमध्ये मध्य रेखावृत्तावर स्केल ०.९९९६ असतो, म्हणजे किलोमीटरला ४० सेंटीमीटर. तुमच्या १४० मीटरच्या कर्व्हला ५.६ सेंटीमीटर पडतात, आकडा जवळजवळ जुळतोय. टोटल स्टेशनला स्केल १ ठेवून काम केलं आणि दुसऱ्याने ग्रिडवर केलं की असं होतंच.

बॅकसाईट_झिरो

@उत्तर_दिशा आकडा जुळतोय पण दिशा जुळत नाही. स्केलचा फरक असता तर तो लांबीत साठत गेला असता, पीसीला शून्य धरला तर पीटीला पूर्ण ५.६ दिसला असता आणि मधे त्याहून कमी. इथे पीटी तंतोतंत आहे आणि फरक मधेच, तोही लाईनला आडवा, सगळीकडे सारखा. हे दुसरंच काहीतरी आहे.

ओळंबा

हो, हे डीएक्सएफचं दुखणं आहे, आणि "वीतभर चेनेज हलत नाही" या एका वाक्यात सगळं आलं.

त्यांच्या फाईलमध्ये आर्क नाहीच. ड्रॉईंग करणाऱ्याने स्प्लाइनची (मुक्त वक्र रेषेची) पॉलीलाईन (जोडलेल्या तुकड्यांची लाईन) केली असेल, त्यामुळे कर्व्हचे साधारण १०-१० मीटरचे सरळ तुकडे झालेत. स्क्रीनवर झूम न करता बघितलं तर कर्व्हच दिसतो, कुणाला शंका येत नाही. तुकड्यांची टोकं आर्कवर असतात म्हणून पीसी पीटी जुळतात, पण तुकड्याचा मधला भाग आर्कच्या आत असतो. किती आत, तर कॉर्डचा वर्ग भागिले ८ आर, १० मीटरला ६ सेंटीमीटर.

आता सगळ्या खुंट्यांना सारखा फरक का? तुमचं पीसी ११७७.२०६ ला, पहिली खुंटी ११८० ला, म्हणजे तुकड्याच्या टोकापासून २.८ मीटरवर. पुढची १२०० ला, आणि तुकडे १० चे असल्यामुळे तीही पुन्हा एका टोकापासून जवळजवळ तेवढ्याच अंतरावर. प्रत्येक खुंटी तुकड्याच्या त्याच जागी येते. तिथला फरक काढा, २.८ गुणिले ७.२ भागिले २ आर, आलं ५ सेंटीमीटर. कर्व्ह डावीकडे वळतो म्हणजे आतली बाजू डावी, त्यांची लाईन डावीकडे पडली आणि तुमच्या खुंट्या तिच्या उजवीकडे दिसल्या. तुमच्या खुंट्या बरोबर आहेत. ११८७ च्या आसपास खुंटी मारली असती तर तिथे दोन्ही कंट्रोलर एकमत झाले असते.

आणि ते चेनेज थांबणं. सॉफ्टवेअर तुमच्या पोलपासून लाईनवर लंब टाकतं आणि लंब जिथे पडेल ते चेनेज दाखवतं. दोन सरळ तुकड्यांच्या कोपऱ्याबाहेर पाचरीच्या आकाराची एक जागा उरते जिथून कुठल्याच तुकड्यावर लंब पडत नाही, मग सॉफ्टवेअर कोपऱ्याचंच चेनेज दाखवत बसतं. १० मीटरच्या तुकड्यांत २०० च्या रेडियसवर कोपरा ०.०५ रेडियनचा, ३.५ मीटर ऑफसेटला ही पाचर साडेसतरा सेंटीमीटर रुंद. हीच तुमची वीत. आतल्या बाजूने चालून बघा, तिथे उलटं होईल, चेनेज तेवढंच उडी मारून पुढे जाईल. खऱ्या आर्कवर असं होत नाही कारण प्रत्येक बिंदूपासून सेंटरकडे जाणारी रेषा एकच असते.

त्यांच्या कंट्रोलरवर कर्व्हला बोट लावून प्रॉपर्टी बघा. रेडियस दाखवत असेल तर आर्क आहे, फक्त बेअरिंग (दिशा) आणि लांबी दाखवत असेल तर तुकडा आहे. पीटीचं चेनेजही त्यांच्याकडे दीड सेंटीमीटर कमी दिसेल.

डीएक्सएफमधून खरा आर्क येऊ शकतो, पॉलीलाईनमध्ये तो शाबूत ठेवला असेल तर. पण माझा सल्ला, अलाइनमेंट लँडएक्सएमएल फाईलमधून घ्या किंवा तुमच्यासारखी हाताने भरा. एका वळणासाठी हाताने भरायला वेळ लागत नाही आणि भरताना टेबल आपोआप तपासलं जातं.

सुतळी_खुंटी

सर, बोट लावून बघितलं. रेडियस नाही, नुसतं बेअरिंग आणि ९.९७ मीटर. १४ तुकडे आहेत. आतल्या बाजूने चाललो तर उडी पण मारतंय!

त्यांच्या टीमला हाताने भरायला सांगतोय, पण त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण अलाइनमेंटचा ऑप्शन नाहीये, फक्त दोन पॉइंट आणि रेडियस देऊन आर्क करता येतो. चालेल का? आणि पुढे कर्बस्टोन लावायचेत, त्याला २० मीटर पुरेल की जवळ घ्यायला लागेल?

ओळंबा

चालेल, पण दोन पॉइंट आणि रेडियस म्हटलं की चार आर्क होतात, डावा उजवा आणि त्या प्रत्येकाचा छोटा किंवा मोठा. पीसी आधी, पीटी नंतर, डावा, छोटा. क्रम उलटा दिला तर डावा ऑफसेट उजवा होऊन बसेल. आर्क झाल्यावर लांबी १३९.६२६ दाखवतंय ना ते बघा.

मग जमिनीवर एक चेक करा जो कुठल्याच सॉफ्टवेअरवर अवलंबून नाही. आयपी जागेवर काढता येत असेल तर तिथे इन्स्ट्रुमेंट लावा, पीसीवर शून्य करा, पीटीपर्यंत १४० अंश आले पाहिजेत. ७० अंशावर दुर्बीण फिरवून १२.८३६ मीटर मोजा, तिथे कर्व्हचा बरोबर मध्य पडतो, चेनेज १२४७.०१९. आयपी नाल्यात किंवा कुणाच्या आवारात गेला असेल तर पीसी ते पीटी कॉर्ड १३६.८०८ बघा आणि तिच्या मध्यापासून काटकोनात १२.०६१ मोजा, तोच बिंदू मिळेल. दोन्ही टीमच्या कंट्रोलरने तो बिंदू वाचू द्या. दोघांचंही ऑफसेट शून्याच्या आसपास आलं की पुढे जा.

ट्रान्झिशन नाही हे ड्रॉईंगवर परत एकदा बघून घ्या मात्र. नुसता ४० मीटरचा ट्रान्झिशन असता तरी २०० च्या रेडियसला मेन कर्व्ह ३३ सेंटीमीटर आत सरकला असता, आणि तेव्हा वरचे सगळे आकडे बदलतात.

बॅकसाईट_झिरो

कर्बला २० मीटर अजिबात नको. खुंट्या बरोबर असतात पण गवंडी त्यांच्यामध्ये सुतळी ताणतो, आणि सुतळी सरळच जाणार. २० मीटरच्या मध्यावर सुतळी कर्व्हपासून २५ सेंटीमीटर आत असते, १० मीटरला ६, ५ मीटरला दीड. म्हणजे डीएक्सएफने जे केलं तेच सुतळी करते. मातीकामाला १० मीटर ठीक आहे, कर्बला ५ मीटर घ्या, त्यापेक्षा लांब नको.

उत्तर_दिशा

५ मीटर बरोबर, पण मी म्हणेन रेडियस बघून ठरवा. याच रस्त्यावर जंक्शनला १५-२० मीटरचे छोटे रेडियस असतील, तिथे ५ मीटरच्या सुतळीलाही १५ ते २० सेंटीमीटरचा फरक पडतो. तिथे दीड मीटरला खिळे मारा, किंवा सेंटर पॉइंट मोकळा असेल तर त्यावर टेप धरून सरळ चुन्याने आर्क फिरवा.

स्केलचं माझं म्हणणं या फरकाला लागू नव्हतं, मान्य. तरी दोन टीम दोन इन्स्ट्रुमेंटवर असतील तर एकाच दोन कंट्रोल पॉइंटमधलं अंतर दोघांनी मोजून जुळतंय का ते बघाच. लांब सरळ लाईनवर तो फरक निघाला तर तेव्हा शोधायला जड जातं.

ओळंबा

कर्बसाठी खुंट्या कर्बच्या लाईनवर मारू नका, खोदाईत सगळ्या जातील. अर्धा किंवा एक मीटर बाहेर घ्या आणि खुंटीवर चेनेज, ऑफसेट आणि कर्बची बाजू तिन्ही लिहा. ऑफसेट सॉफ्टवेअरमध्येच टाका, ३.५ च्या खुंटीपासून टेपने अंदाजे काटकोन धरून मोजू नका. एक मीटरला चालून जातं, जास्त झालं की काटकोन हुकतो आणि खुंटी चेनेजवरून सरकते.