चिपाडापेक्षा पाचट घ्या

उसाच्या चिपाडाचा (रस काढून उरलेल्या चोथ्याचा) कोळसा दळून थेट सुपरकपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज झटपट साठवणाऱ्या उपकरणात, चालेल का, असा एक प्रश्न आहे. नुसता कोळसा पुरत नाही. त्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड मिसळून नायट्रोजनमध्ये साधारण ७००-८०० अंश सेल्सिअसला पुन्हा तापवावं लागतं. हे हायड्रॉक्साइड कोळशातला कार्बन कुरतडतं, नॅनोमीटर मापाची छिद्रं पडतात आणि ग्रॅमला १००० चौरस मीटरहून जास्त पृष्ठभाग मिळू शकतो. त्यावर आयन (विद्युतभार असलेले कण) जमतात, तीच विजेची साठवण. नंतर आम्लाने, पाण्याने नीट धुवायचं.

पण चिपाडच कशाला? कोल्हापुरात ते गुऱ्हाळाच्या चुलवाणात नाहीतर कारखान्याच्या बॉयलरमध्ये जातंच. वाया जळतं ते शिवारातलं पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला. त्यात सिलिका असते, पण पोटॅशियम हायड्रॉक्साइडमुळे तीही बरीच विरघळून धुतली जाते. जे शेतकरी पाचट कुजवतात, त्यांचं मात्र रानातच राहू द्या; जमिनीला त्याची जास्त गरज आहे.