मदत हवी आहे: सागवानी तुळयांचे ठोकळे गाडीखाली लावायचेत, खिळे की बोल्ट?

नेरुळला रो-हाऊसमध्ये राहतो. खाडीच्या खाऱ्या हवेने वॅगन-आरचा तळ गंजलाय. पावसाळ्याआधी घासून अंडरकोटिंग (गंज रोखणारा लेप) मारायचं आहे. गेल्या वर्षी पुढची बाजू पोकळ सिमेंट ब्लॉकवर टेकवली होती. पाना आणायला वळलो तोच फाट्‌कन आवाज झाला, ब्लॉकचे दोन तुकडे! सुदैवाने खाली फक्त माझी चप्पल होती. बायकोने ती अजून टाकू दिलेली नाही.

आता गावच्या घराचा माळा उतरवला, त्यातल्या ८ तुळया मिळाल्यात. ६ इंच रुंद, ४ इंच जाड, ६ फुटी. २-२ फुटांचे तुकडे करून आडवे-उभे ३ थर जखडायचा विचार आहे. ६ इंची खिळा ठोकून पाहिला, अर्ध्यात वाकला आणि टोकाला लाकूड चिरलं. वखारवाला म्हणतो आरपार बोल्ट मारा. सासरे म्हणतात नुसते रचा, वजनाने बसतात. कोणाचं ऐकू?

प्रतिसाद १:
सासरे अर्धे बरोबर. वजन लाकडावरून लाकडावरच उतरतं, बोल्ट फक्त तुकडे सरकू देत नाही. पण तिन्ही थर एकत्र जखडलेत तर चाक एका दमात १२ इंच उचलावं लागेल, आणि तेवढ्या उंचीवर गाडीतला जॅक डुलायला लागतो. त्यापेक्षा ३ तुकडे शेजारी-शेजारी ठेवून आडव्या २ थ्रेडेड रॉडनी (पूर्ण लांबीला आटे असलेल्या सळ्यांनी) आवळा. नट-वॉशर लाकडात खोल बसवा. असा एकेक पाट ४ इंचांचा. आधी दोन्ही पुढच्या चाकांखाली एकेक, मग त्यावर आडवा दुसरा. ८ इंच पुरे. वाळवी लागलेला किंवा चिरलेला तुकडा बाजूला काढा. सागवान ब्लॉकसारखं ठिसूळ नाही. तरी करकर ऐकलीत तर आधी बाहेर या.

धागाकर्ता:
हे डोक्यात आलंच नव्हतं. मागची बाजूही अशीच उचलू ना?

प्रतिसाद १:
तिथे घोटाळा आहे. हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो, ती उचललीत की तो बिनकामाचा. पुढच्या चाकांना दोन्हीकडून पाचर ठोका, गाडी गिअरमध्ये ठेवा. आणि पेव्हर ब्लॉक खचतात, जॅकखाली जाड प्लायवूड घाला.

धागाकर्ता:
पेव्हर खचलेलेच आहेत, पाइपलाइनच्या कृपेने. १ मीटरच्या रॉडमधून १८ इंची २ तुकडे निघतात, म्हणजे पाटाला एक रॉड. ४ रॉड आणतो.