नववीच्या मुलींना होलोकॉस्टवर रील करायची आहे, काय दाखवू त्यांना?

फळ्याजवळ
नमस्कार मंडळी. मी नाशिकला नववीला इतिहास शिकवते. नाझीवादाचा आणि होलोकॉस्टचा, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराचा, धडा संपला त्या दिवशी मधल्या सुट्टीत दोन मुली आल्या. २७ जानेवारीला, म्हणजे १९४५ साली पोलंडमधली आउशवित्झची नाझी छावणी मुक्त झाली त्या तारखेला, त्यांना शाळेच्या इन्स्टाग्राम खात्यावर रील टाकायची आहे. वहीच्या मागच्या पानावर सगळं आखून आणलं होतं. एकीने पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा घालायचा, डोळ्यांखाली काजळ पसरवायचं, आउशवित्झच्या कैद्यांच्या हातावर गोंदायचे तसा पेनाने आकडा लिहायचा. मागे एक दर्दभरं हिंदी गाणं आणि शेवटी पाटी: 'मी तेरा वर्षांची होते.'

मी नको म्हटलं. पण का नको, ते मला धड सांगता आलं नाही आणि दोघींचे चेहरे उतरले. थट्टा करायची म्हणून त्या आल्या नव्हत्या हो. याच वर्गात धडा चालू असताना मागच्या बाकावरून 'आपल्याला असाच माणूस पाहिजे' असं ऐकू आलं होतं. कडक सरांना 'हिटलर' म्हणायची सवय तर आपल्या घराघरांत आहे. अशा वर्गात या दोघींना काही आतून वाटलं, ते विझू द्यायचं नाहीये मला.

त्यांना कोणाची खाती दाखवू? आणि स्वतः काय करता येईल? टिकटॉक आपल्याकडे जून २०२० पासून बंद आहे, ते धरून सुचवा. मुलींचं इंग्रजी ठीक आहे.

पाऊलवाट
बाई, सगळ्यात आधी लिली एबर्ट दाखवा. हंगेरीतल्या बोन्याद गावची. १९४४ च्या जुलैमध्ये आउशवित्झला आणलं आणि त्याच दिवशी आई, धाकटा भाऊ आणि एक बहीण मारले गेले. लिली आणि दोन बहिणी वाचल्या. पुढे ती लंडनला राहायची. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तिचा सोळा वर्षांचा पणतू दोव फोरमन घरचे जुने फोटो चाळत होता, त्यात एक जर्मन चलनी नोट निघाली. सुटका झाल्यावर एका अमेरिकन सैनिकाने तिच्यावर नव्या आयुष्याच्या शुभेच्छा लिहून दिली होती. दोवने त्या नोटेचा फोटो ट्विटरवर टाकला आणि बघता बघता त्या सैनिकाच्या घरच्यांचा पत्ता लागला. सैनिक तोवर वारला होता. तिथून दोघांनी व्हिडिओ करायला घेतले आणि लाखो लोक बघू लागले. लिली ९ ऑक्टोबर २०२४ ला गेली, शंभर वर्षांची होऊन.

मला स्वतःला तिच्या गळ्यातल्या लॉकेटचा व्हिडिओ विसरता येत नाही. एवढंसं सोन्याचं लॉकेट. आईच्या बुटाच्या टाचेत लपवलं होतं, टाच झिजली तेव्हा रोजच्या पावाच्या तुकड्यात. ती ते बोटांत धरून दाखवते आणि साध्या आवाजात सांगते. गाणं नाही, मेकअप नाही. तिच्या हातावरचा ए-१०५७२ हा आकडाही असाच दिसतो, बाही वर सरकवून. खरा हात एकदा बघितला की पेनाने आकडा लिहायचं मुलींच्या मनातूनच जाईल, मला खात्री आहे.

दुसऱ्या टोवा फ्रीडमन, अमेरिकेत असतात. आउशवित्झमधून सुटल्या तेव्हा जेमतेम सहा वर्षांच्या. छावणी सोडवल्यावर सोव्हिएत सैन्याने काढलेल्या त्या प्रसिद्ध चित्रफितीत मुलं बाह्या वर करून आकडे दाखवतात ना, त्यांत त्या आहेत. त्यांचे व्हिडिओ नातू करतो. दोन्ही घरांत फोन पोरांच्या हातात आणि बोलणं आजीचं. टिकटॉक नसलं तरी दोवचं इन्स्टाग्राम खातं आहे.

एल्बेकाठी
फळ्याजवळ ताई, मी हँबुर्गला असते. तुमच्या मुलींना सुचलं तेच ऑगस्ट २०२० मध्ये टिकटॉकवर जगभरच्या मुलांनी केलं होतं. होलोकॉस्टमध्ये मारल्या गेलेल्या माणसाचं सोंग घ्यायचं, स्वर्गातून बोलल्यासारखं. लोक भयंकर संतापले. आउशवित्झ स्मारकाचं निवेदन मला आजही पटतं. असे व्हिडिओ दुखावणारे असू शकतात, काही तर इतिहासाला क्षुल्लक करून टाकतात, हे त्यांनी स्पष्ट म्हटलं. पण मुलांना झोडपू नका, काही जण स्वतःच्या परीने आठवण जपायला बघतायत, त्यांना शिकवा, असंही म्हटलं. म्हणजे तुमच्या मुलींना जे वाटलं ते चुकीचं नाही. चुकतं ते मेलेल्या माणसाच्या तोंडी आपलं वाक्य घालणं. ती काय म्हणाली असती हे आपल्याला कुठे माहीत आहे? अशी रील बघताना लक्षही मुलीच्या अभिनयावर जातं आणि जिचं सोंग घेतलं ती अनामिकच राहते.

आमच्या जवळ नॉयनगामे या नाझी छावणीचं स्मारक आहे. बेर्गेडोर्फ स्टेशनवरून बसने जायचं, प्रवेश फुकट. तिथे आणि तिच्या उपछावण्यांत मिळून एक लाखाच्या वर माणसं डांबली होती, त्यातली किमान ४२,९०० मेली. कैद्यांकडून विटांचा कारखाना चालवून घेत होते, ती लांबच लांब इमारत अजून उभी आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये टिकटॉकवर आलेलं हे पहिलं छावणी-स्मारक. इन्स्टाग्रामवरही आहेत. तिथे काम करणारी तरुण मंडळी कॅमेऱ्यासमोर उभी राहून एकेक जागा, एकेक वस्तू दाखवतात. लोकांनी विचारलेल्या अगदी बाळबोध प्रश्नांनाही शांतपणे उत्तरं देतात. बहुतेक इंग्रजीत. मुलींना नमुना म्हणून हेच दाखवा: स्वतःच्या कपड्यांत, स्वतःच्या नावाने उभं राहायचं.

शिवाय श्टोल्परश्टाइन. गुंटर डेमनिग या कलाकाराने नव्वदच्या दशकात सुरू केलेले पितळी दगड, साधारण दहा सेंटीमीटरचे, नाझींनी छळलेल्या एकेका माणसाच्या घरासमोर फुटपाथवर बसवलेले. २०२३ पर्यंत एक लाख झाले. वर 'इथे राहत होती', नाव, जन्मसाल, कधी नेलं, पुढे काय झालं. ९ नोव्हेंबरला, १९३८ साली जर्मनीभर ज्यूंवर हल्ले झाले त्या तारखेला, पोरं बादली आणि फडकी घेऊन निघतात आणि गुडघ्यावर बसून ते घासतात. मागच्या वर्षी माझी मुलगी एका दगडाच्या अक्षरांत अडकलेला मळ जुन्या टूथब्रशने काढत होती. नाव वाचता येईपर्यंत उठली नाही. हँबुर्गच्या दगडांमागच्या माणसांची चरित्रं इंटरनेटवर वाचायला मिळतात.

वाचनवेडी
एवा हेमनवरच्या इन्स्टा-स्टोरीजही बघा. मे २०१९ मध्ये आल्या, हंगेरीतल्या तेरा वर्षांच्या मुलीच्या खऱ्या डायरीवरून, तिच्या हातात फोन असता तर, अशा. मला आवडल्या होत्या.

एल्बेकाठी
त्या इस्रायलमध्ये बनवल्या आणि तिथेच त्यांवर खूप वाद झाला होता. मुलांपर्यंत पोचायचं तर त्यांच्या भाषेत बोलावं लागतं, असं करणाऱ्यांचं म्हणणं. एवाला खरंच वृत्तछायाचित्रकार व्हायचं होतं, डायरीही तिची स्वतःची, त्यामुळे मी ते मोडीत काढणार नाही. पण मागे खरी डायरी आणि मोठी टीम होती. नववीच्या दोन मुलींनी तो रस्ता धरू नये.

कागदपत्र
खाती सुचवून झाली, आता हाताला काम देतो. जर्मनीतल्या बाड आरोल्झेन गावी छळ झालेल्या सुमारे १ कोटी ७५ लाख माणसांची कागदपत्रं आहेत. 'एव्हरी नेम काउंट्स' नावाने तिथला संग्रह, आरोल्झेन आर्काइव्हज, २०२० पासून लोकांची मदत घेतो. पडद्यावर छावणीतल्या एका कैद्याचं कार्ड येतं. नाव, जन्मतारीख, कैदी क्रमांक वाचायचा आणि टाईप करायचा. एकच कार्ड अनेकांकडून भरून घेतात, मग पडताळतात. त्यामुळे चुकायची धास्ती नको. मी वर्षभर अधूनमधून करतोय. जर्मन हस्ताक्षरात १ आणि ७ यांचा घोळ होतो. १ ला डोक्यावर लांब शेपूट असते आणि ७ ला पोटात आडवी रेघ.

एक सावधगिरी. २०२५ मध्ये आउशवित्झ स्मारकानेच इशारा दिला होता की फेसबुकवर एआयने बनवलेले बळींचे खोटे फोटो आणि रचलेल्या गोष्टी फिरतायत. गोरीपान, डोळ्यांत पाणी असलेली मुलगी दिसली की शंका घ्या. स्मारकाच्या स्वतःच्या पोस्टी रोज येतात आणि कोरड्या असतात: अमुक तारखेला अमुक गावी जन्म, तमुक दिवशी आणलं, वाचली नाही. युनेस्कोने २०२२ मध्ये तपासलं तेव्हा होलोकॉस्टबद्दलच्या मजकुरात नाकारणारा किंवा तोडमोड केलेला मजकूर टेलिग्रामवर ४९ टक्के निघाला, टिकटॉकवर १७. मुलींना हे आकडे आधीच सांगून ठेवा, रीलखाली कसल्या कमेंट येतील याची तयारी राहील. किंवा त्या दिवशी कमेंट बंदच ठेवा.

रंकाळा
आपल्याकडचा धागा हवा असेल तर कोणीतरी वळिवडे कॅम्प सुचवेलच, म्हणून आधीच लिहितो. मी कोल्हापूरचा. १९४३ ते ४८ तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित होते. पण ते बहुतेक कॅथलिक, सोव्हिएत सत्तेने सैबेरियाकडे हाकललेले. त्यांचं दुःख मोठंच, पण ते होलोकॉस्टमध्ये घालू नका.

त्यापेक्षा वॉल्टर कॉफमन घ्या. कार्ल्सबादचा ज्यू संगीतकार. हिटलर सत्तेवर आल्यावर युरोप सोडून १९३४ मध्ये मुंबईला आला, आकाशवाणीत नोकरी केली. पहाटे आकाशवाणी लावली की सुरुवातीला जी धून वाजते ना, तंबोरा आणि व्हायोलिनची, ती त्याची. नाशिकच्या मुलीने 'ही धून आजोबांच्या रेडिओवर लागते' इथून सुरुवात केली तर ते तिचं स्वतःचं होईल.

फळ्याजवळ
सगळ्यांचे मनापासून आभार. काल दोघींना घरी बोलावलं होतं. लिलीचा लॉकेटचा व्हिडिओ दोनदा बघितला. मोठी काही बोलली नाही, वहीचं ते पान तिने स्वतःच फाडलं. मग आरोल्झेनचं कार्ड उघडलं. एका जन्मतारखेवर वीस मिनिटं गेली, १ की ७. व्यवसायाच्या जागी 'श्नायडर' होतं, शोधलं तर शिंपी. धाकटीचे वडील शिंपीकाम करतात. ती म्हणाली, "बाई, कार्डावर पुढचं का नाही? हे काका सुटले का?"

रील आता त्या कार्डावर करायची म्हणतायत, धून सुरुवातीला दहा सेकंद. पण तिच्या प्रश्नाचं काय करू?

कागदपत्र
नाव आणि जन्मतारीख लिहून घेतलीय ना? आरोल्झेनचा ऑनलाइन संग्रह खुला आहे, त्यात नाव टाका. हस्ताक्षरामुळे स्पेलिंग दोन-तीन प्रकारे करून बघा. माणूस ज्यू असेल तर याद वाशेम या जेरुसलेमच्या होलोकॉस्ट स्मारकाच्या नावांच्या यादीतही शोधा. काही सापडलं नाही तर रीलमध्ये तसंच सांगू दे तिला, की आम्ही शोधलं, पुढचं कळलं नाही.

एल्बेकाठी
जर्मन कुठे अडलं तर कार्डाचा फोटो मला व्यक्तिगत निरोपातून पाठवा. रात्री उशिरापर्यंत जागी असते.