घरात मांजरी आहेत, उघडी प्लांटेड टाकी जमेल का? (नाशिक)

इंदिरानगरकर
नमस्कार मंडळी. घरात दोन मांजरी आहेत. चिंगी वयस्क आणि शांत. बोका मात्र अजून वर्षाचाही नाही, दिसेल त्यावर चढतो. हॉलमध्ये २४ बाय १२ बाय १५ इंचाची प्लांटेड टाकी (जिवंत पाणवनस्पती लावलेली माशांची टाकी) लावायची आहे आणि ती मला उघडीच हवी आहे. पाण्याबाहेर आलेली पानं, वरून दिसणारे मासे, झाकण घातलं की हे सगळं जातं. दुकानदार म्हणतो, मांजर आहे तर नाद सोडा. ज्यांच्याकडे दोन्ही आहेत त्यांनी कृपया सांगा, स्टँड, झाडं, मासे कसे निवडू?

गंगापूररोडवाला
ताई, नाद सोडू नका. आमच्याकडे मांजरी आहेत आणि टाकी उघडी आहे. दाट झाडं असली की सावली पडताच मासे पानांत शिरतात, मांजर बघत बसतं. जपायचं असतं ते काठ, वायर आणि पाण्यात टाकलेल्या औषधांना.

मांजर जमिनीवरून पाच फूट उडी मारू शकतं, पण उतरायला त्याला सपाट जागा लागते. काचेची बारीक कड त्याला नको असते. उलट लाइटने कोमट झालेलं झाकण म्हणजे त्याची हक्काची गादी. म्हणून स्टँड टाकीच्या मापाचाच करा, बाजूला वीतभरही फळी नको. अंबड किंवा सातपूरला कोणीही फॅब्रिकेटर चौकोनी पाइपचा करून देईल. टाकीत जवळजवळ ७० लिटर पाणी मावतं, म्हणजे नुसतं पाणीच ७० किलो. काच, माती, दगड धरून स्टँडवर नव्वद-शंभर किलो येणार. मांजराने टाकी हलणार नाही, पण डुगडुगता स्टँड हलेल. सोफ्याची पाठ आणि खिडकीची कड टाकीपासून लांब ठेवा, आणि बोक्याला समोर उंचावर बसायला एक फळी द्या. तिथून टाकी दिसली की तो तिथेच रमतो.

लाइट काठाला चिमट्याने लावू नका, छताच्या हुकाला टांगा. प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोल देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी झोलावरून खाली पडेल, प्लगमध्ये जाणार नाही. त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच लाइन तोडणारा स्विच) असू द्या.

मांजर टाकीतलं पाणी पिणारच, एरवी त्याची चिंता नाही. पण लिक्विड कार्बनमध्ये (झाडांसाठी पाण्यात घालतात ते द्रव) ग्लुटाराल्डिहाइड हे विषारी रसायन असतं आणि माशांच्या काही औषधांत तांबं. ही दोन्ही घरात आणूच नका. जवळच ताज्या पाण्याचं पसरट भांडं ठेवा.

पंचवटीकर
झाडांबद्दल लिहिते, कारण यात सगळेच गाफील असतात. टाकीच्या काठावर लोक हमखास मनी प्लांट, सिंगोनियम, पीस लिली लावतात. ही सगळी अळूच्या कुळातली. कच्चं अळू घशाला खाजतं ते ज्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांमुळे, त्याच यांच्या पानांत असतात. मांजराने चावलं की तोंडाची आग होते, लाळ गळते, उलटी होते. टाकीत लावतात ते अनुबियास आणि क्रिप्टोही (क्रिप्टोकोरीन) त्याच कुळातले, म्हणून ते पाण्याखालीच राहू द्या. लकी बांबू हा बांबू नव्हे, ड्रॅसिना आहे, तोही मांजराला बाधतो. आणि खऱ्या लिलीची फुलं तर घरात कुठेच नकोत, नुसत्या परागांनीही मांजराची किडनी निकामी होते.

काठासाठी स्पायडर प्लांट लावा. मुळं पाण्यात सोडली की छान वाढतो, आणि मांजराने कुरतडला तरी विषबाधा नाही. पाण्याखाली व्हॅलिस्नेरिया, हायग्रोफिला, रोटाला, जावा फर्न.

सिडको_जुने
बोका लहान आहे तोवर जाळी लावाच. स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याला माप द्या, ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये जाड पेट मेश (पाळीव प्राण्यांच्या नखांना टिकणारी जाळी) बसवून देतो. साधी मच्छर जाळी नखांनी फाटते. लाइट थोडा कमी होतो, झाडं तग धरतात.

इंदिरानगरकर
खूप आभार. पंचवटीकर ताई, मनी प्लांट आजच बहिणीकडे पाठवते. मासे कोणते? आणि एप्रिल-मेच्या उन्हाचं काय करू?

गंगापूररोडवाला
झेब्रा डॅनिओ, हॅचेटफिश, किलीफिश आणि आपल्या पश्चिम घाटातला डेनिसन बार्ब हे उड्या मारणारे, ते टाळा. चेरी बार्ब, एंबर टेट्रा आणि तळाला कोरीडोरास चांगले. पाणी काठाच्या दोन इंच खाली ठेवा.

उन्हाळ्यात उघडी टाकी फायद्याचीच. पाण्यावरून छोटा पंखा फिरवला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. पाणी मात्र रोज घटतं. उडालेल्या पाण्यातले क्षार टाकीतच राहतात, म्हणून ती भर आरओच्या पाण्याने घाला. पाणी बदलताना नळाच्या पाण्यातलं क्लोरीन अँटिक्लोरीनने मारा. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो तेव्हा हीटर लागेलच, त्याला गार्ड घ्या.

इंदिरानगरकर
टाकी आणून काही दिवस रिकामीच ठेवू का, बोक्याला सवय व्हावी म्हणून?

पंचवटीकर
रिकामी नको, तो आत जाऊन झोपेल आणि ती जागा आपली मानेल. पहिल्या दिवशीच पाणी भरून झाडं लावा. सायकल व्हायला, म्हणजे अमोनिया आणि नायट्राइट पचवणारे जिवाणू टाकीत वाढायला, चार ते सहा आठवडे लागतातच, तोवर मासे नसतात. तेवढ्यात बोका कुठून चढायला बघतो ते कळेल. ती वाट बंद करा, अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले का ते तपासा, मग मासे आणा.