मदत हवी आहे: रेडिएशनसोबतचं सिस्प्लॅटिन
आईला गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे. रेडिएशन सुरू होतंय, सोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध, शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला 40 मिलिग्रॅम. डॉक्टर म्हणाले, रेडिएशनने पेशींचा डीएनए तुटतो, तो त्यांना पुन्हा सांधू न देणं हे या औषधाचं मुख्य काम. तेवढं कळलं. पण गाठीत ऑक्सिजन कमी असेल तर किरणांचा परिणाम घटतो म्हणे. मग ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन तुम्हाला किती राखायला सांगितलं होतं? रक्त चढवावं लागलं का? क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्तचाचणी) वाढल्यामुळे कुणाचं सिस्प्लॅटिन मध्येच थांबवून त्याच गटातलं कार्बोप्लॅटिन दिलंय का? सिस्प्लॅटिनमुळे कानात सतत गुणगुण कुणाला झाली? अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या कृपया सुचवू नका, डॉक्टरांनी त्या बंद ठेवायला सांगितल्यात. प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी जरूर लिहा.