भारुडाचं रूपक फोडून सांगावं का?

गोदाकाठचा (पैठण):
नाथषष्ठीला रंगणारं संत एकनाथांचं 'रोडगा' हे भारूड घ्या. सून भवानीआईला विनवते: सासऱ्याला खपव, सासूला निर्वाळ, जावेला बोडकी (विधवा) कर, दादल्याची म्हणजे नवऱ्याची आहुती देते. हशा पिकतो, मंडळी उठते. सुटका विकारांपासून मागितलीय, हे शेवटच्या 'एका जनार्दनी'पर्यंत कुठंच उघड होत नाही. कडव्यागणिक दोन वाक्यं निरूपण हवंच.

झीलकरी (मागं धृपद धरणारा):
दादा, कडव्यागणिक थांबलात की पखवाज तुटतो, लय परत तळापासून चढवावी लागते. शिवाय नाथांना जिथं सांगायचं तिथं त्यांनी सांगितलंच आहे. 'विंचू' या भारुडाच्या धृपदातच 'कामक्रोध' येतो. रोडग्यात झाकलं, ते जाणूनच.

अंबाजोगाईकर:
नाथांचाच 'अनादि निर्गुण' हा जोगवा विसरताय. तिथं महिषासुर म्हणजे मोह, सासरा म्हणजे दंभ, नवरा म्हणजे विकल्प. रोडग्याची किल्ली ती. आधी जोगवा गा, मग रोडगा. 'दादला' आला की ऐकणाऱ्याला आपोआप विकल्प आठवतो. मात्र रोडग्यातलं नणंदेचं किरकिरं पोर म्हणजे नेमका कोणता विकार, हे बसवत बसू नका. रूपकातली काही माणसं नुसता कथेतला संसार भरायला असतात.

बालाघाटी:
जुळणीचा खरा घोटाळा 'विंचवा'त होतो. हल्ली विंचू म्हणजे दारू करतात. करा की! पण मग अंगारा कोणता? मूळ साखळी बघा: डंख, अंगाला घाम, सर्वांगी वेदना, तमोगुण मागं सारून सत्त्वगुणाचा अंगारा, आणि तरीही 'किंचित् राहिली फुणफुण'. विष उतरलं तरी ठणका उरतो, तो नाथांचे गुरू जनार्दनस्वामी शांत करतात. किती बारकाईनं पाहिलंय! एक कडी बदलली तर पुढच्या सगळ्या बदलाव्या लागतात. विंचू नवा आणि अंगारा जुना ठेवला की रूपक मोडतं, नुसती घोषणा उरते.

गोदाकाठचा:
जोगव्याचा क्रम पटला. पण 'बोडकी'चं काय? समोर विधवा बसलेली असते. तिच्यासमोर लोक कशाला हसतायत, हे कोण सांगणार?

झीलकरी:
ते कडवं गाळा हवं तर. पण निरूपण नको. 'एकटीच राहू दे मला' ही शेवटची ओळ आली की टाळ थांबवा, लय निम्म्यावर आणा, ओळ तीनदा साध्या आवाजात म्हणा. हसू तिथंच थांबतं, अर्थही पोचतो.

गोदाकाठचा:
शेवट तसाच करावा, मान्य. पण दोन वाक्यं बोलायला नकोत म्हणून नाथांचं अख्खं कडवं गाळायचं, हे मला उलटं वाटतं.