आयसीटीसी (एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्र) आणि एआरटीचे (एचआयव्हीवरचा औषधोपचार) आकडे जुळत नाहीत, पावसाळ्यात एलएफयू (पाठपुराव्यातून हरवलेले रुग्ण) फुगतात. सुरुवात कुठून करावी?

खाडीपल्याड:
नमस्कार मंडळी. किनारपट्टीच्या जिल्ह्यातली एचआयव्हीची आकडेवारी बघतो. आयसीटीसीत सापडलेले पॉझिटिव्ह आणि एआरटी केंद्रात नोंदलेले यांचा मेळ कुठल्याच तिमाहीत बसत नाही. इकडे ४० असले की तिकडे ३४. दुसरं म्हणजे जून-जुलैत एलएफयू एकदम वाढतात नि ऑगस्टनंतर आपोआप ओसरतात. विचारलं की वरून आणखी एक एक्सेल येते. सोच (एचआयव्ही कार्यक्रमाची ऑनलाइन नोंद-प्रणाली) आहे, केंद्राच्या वह्या आहेत, महिन्याचा तक्ता आहे. मग ‘देखरेख व मूल्यमापन बळकट करा’ म्हणतात ते नेमकं कुठे?

नोंदवही:
नवी एक्सेल तूर्त बाजूला ठेवा. बेरजेला बेरीज जुळवून काही हाती लागत नाही, माणसाला माणूस जुळवा. तिमाहीतल्या प्रत्येक पॉझिटिव्हची एक ओळ करा: पीआयडी (व्यक्तीचा ओळख क्रमांक), वय, लिंग, तालुका, तपासणीची तारीख, एआरटी नोंदणीची तारीख, एआरटी क्रमांक. शेवटचे दोन रकाने एआरटी केंद्राच्या नोंदीतूनच भरायचे, आयसीटीसीच्या तोंडी माहितीवर नाही. जिथे ते रिकामे राहतील तेवढ्याच ओळींवर काम.

तुमच्या ६ जणांत बहुधा हेच निघेल: कोणी चाकरमानी मुंबईच्या केंद्रात नोंदलेला, कोणी जुनाच रुग्ण दुसऱ्या नावाने पुन्हा तपासणी करून गेलेला, कोणी नोंदणीआधीच दगावलेला आणि कोणी खरोखर न पोहोचलेला. पहिल्याचा क्रमांक त्या केंद्राकडून मागवा. दुसऱ्याला ‘नवीन’मधून काढा. समुपदेशकाने धावायचं ते फक्त शेवटच्याच्या मागे.

एफआयसीटीसीही (दवाखान्यातलं प्राथमिक तपासणी केंद्र) बघा. तिथे एकच रॅपिड टेस्ट होते. ती रिअॅक्टिव्ह आली म्हणजे माणूस पॉझिटिव्ह ठरत नाही. आयसीटीसीत वेगवेगळ्या तीन टेस्टनी पक्कं व्हावं लागतं. काही ठिकाणी रिअॅक्टिव्हच पॉझिटिव्हच्या रकान्यात चढवतात आणि तोच माणूस महिन्यात दोनदा मोजला जातो.

बंदरकाठ:
पावसाळ्याचं कोडं व्याख्येत आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. मिरकरवाडा, हर्णै बंदरांवरचे खलाशी मेअखेर गावी जातात, आंबा उतरला की बागेतले नेपाळी गडीही निघतात. पण एलएफयू मोजायचा तो पुढच्या ठरलेल्या तारखेपासून ९० दिवसांनी. २० मे रोजी ३० दिवसांच्या गोळ्या नेल्या तर ठरलेली तारीख १९ जून, म्हणजे एलएफयू १७ सप्टेंबरला. बंदीमुळे गेलेला माणूस जुलैत एलएफयू होऊच शकत नाही! तुमच्याकडे जुलैत आकडा फुगतोय याचा अर्थ कोणीतरी ‘मिस’ झालेले (तारीख चुकली, पण ९० दिवस झाले नाहीत असे) सरसकट एलएफयूत टाकतंय, किंवा औषध दिल्याच्या तारखेपासून दिवस मोजतंय. तीन महिन्यांच्या गोळ्या नेलेल्यांच्या बाबतीत तर ही दुसरी चूक हमखास होते.

उपाय मेच्या दुसऱ्या आठवड्यात. बंदर आणि बागा या दोन कामांतल्या रुग्णांची यादी काढा. जे स्थिर आहेत, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दबलेला आहे, त्यांना तीन महिन्यांचं औषध. कायम परत जाणाऱ्याला ट्रान्सफर आउट (दुसऱ्या केंद्राकडे वर्ग), आणि समोरच्या केंद्राने स्वीकारला का ते १५ दिवसांनी बघायचं. अधांतरी राहिलेला माणूस दोन्हीकडे तरी मोजला जातो नाहीतर कुठेच नाही. नेपाळला जाणाऱ्याकडे उपचाराचा कागदी तपशील द्याच, तिथे आपलं सोच नाही.

पालखीवाला:
हरवलेल्यांची यादी फोन नंबरसकट तालुक्याच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाका. आशाताई दोन दिवसांत शोधून काढतात.

नोंदवही:
दादा, हे अजिबात करू नका. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ चा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू, आणि गोपनीयता त्याचा गाभा आहे. वाडीत एकदा नाव फुटलं की तो माणूस केंद्राची पायरी पुन्हा चढत नाही, मग कसला पाठपुरावा? ज्याला शोधायचंय त्याच्याच कार्यकर्त्याकडे तेवढंच नाव, तेही रुग्णाने संपर्काला संमती दिली असेल तर.

फार्मसी_खिडकी:
आकडा खरा की खोटा हे पडताळायला औषधाचं स्टॉक रजिस्टर काढा. टीएलडीवर (रोज एक घ्यायची एचआयव्हीची एकत्रित गोळी) ८०० जण असतील तर तिमाहीत ३० गोळ्यांच्या साधारण २४०० बाटल्या जायला हव्यात. पुढेमागे थोडं होतंच, पण २०००च गेल्या असतील तर ८०० हा आकडा फुगवलेला आहे. किटचंही तसंच: झालेल्या तपासण्या, कंट्रोल (किट नीट चालते का हे बघायला केलेल्या चाचण्या) आणि वाया गेलेली किट यांची बेरीज खपाशी जुळली पाहिजे.

खाडीपल्याड:
मिस आणि एलएफयूची गल्लत आमच्याकडे असणारच, आजच बघतो. व्हायरल लोडच्या टक्केवारीबद्दलही कोणी सांगेल का? आमची नेहमी ९५च्या वरच येते.

नोंदवही:
छेद तपासा. समजा एआरटीवर ८००, पैकी सहा महिने पूर्ण झालेले ७२०, तपासणी ५०० जणांची, दबलेले ४८०. तपासलेल्यांत ९६ टक्के. पात्र असलेल्यांत ६७. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहा, नाहीतर २२० माणसं तक्त्यातून गायब होतात. आणि पहिल्या ९५चा (एकूण बाधितांपैकी ९५ टक्क्यांना आपली लागण माहीत असावी, या उद्दिष्टाचा) छेद हा मोजलेला नसतो, स्पेक्ट्रम या संगणकीय मॉडेलचा अंदाज असतो. जिल्हा पातळीवर त्याची खालची-वरची मर्यादा लिहिल्याशिवाय तो बैठकीत मिरवू नये.

यूएनएड्सच्या (संयुक्त राष्ट्रांचा एड्स कार्यक्रम) २००८च्या चौकटीत राष्ट्रीय देखरेख यंत्रणेचे १२ घटक आहेत. जिल्ह्याला त्यातला देखरेख-भेटी आणि डेटा तपासणीचा घटक लगेच हाती घेता येतो. दर तिमाहीला चार केंद्रं, तीन निर्देशक, एक महिना. वहीतून स्वतः मोजायचं आणि पाठवलेल्या आकड्याने भागायचं. वहीत ४६, अहवालात ५२, तर ८८ टक्के. ९०च्या खाली किंवा ११०च्या वर गेलं की कारण त्याच वहीच्या पानावर लिहून सही घ्यायची, वेगळ्या फॉर्मवर नाही. वेगळा फॉर्म पुढच्या भेटीत सापडत नाही.